नाला खोदण्याआधी जमीन वाचा

उन्हाळा सुरू झाला की गावोगावच्या ओढ्यांत पोकलेन उतरतात. नाला खोल आणि रुंद केला की पाणी साठेल, जिरेल आणि विहिरी भरतील, असा साधा हिशेब त्यामागे असतो. पण घर बांधताना पाया कशावर बसतो हे पाहणारे आपण, ओढा खोदताना मात्र किती घनमीटर माती निघाली एवढेच मोजतो. तळाखाली काय आहे, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते खोलीकरणाच्या कामातली सर्वांत महागडी चूक हीच आहे.

या कामांना प्रतिष्ठा मिळाली ती ‘शिरपूर पॅटर्न’मुळे. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून त्यांवर सिमेंट बंधारे बांधले गेले. मात्र तापी खोऱ्यातला हा पट्टा बराचसा गाळाचा आहे. वरचा चिकणमातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही, तो कापला की खालच्या वाळूच्या थरांना वाट मिळते. तिथे खोल खोदण्याला कारण होते. २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले आणि खोलीकरण राज्यभर पसरले. पद्धत उचलली गेली, तिच्यामागचे कारण तिथेच राहिले.

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. इथे ओढ्याकाठी खणत गेलात तर आधी काळी माती, मग चुनखडीचे खडे असलेली पिवळसर-पांढरी माती, त्याखाली मुरूम, मग फुटका खडक आणि शेवटी काळा पाषाण लागतो. विहिरींना पाणी मिळते ते मुख्यतः मुरूम आणि फुटक्या खडकातून. भूजलाच्या हिशेबात वालुकामय गाळातून त्याच्या आकारमानाच्या सुमारे १६ टक्के पाणी मिळते असे धरतात. झिजलेल्या बेसाल्टसाठी हाच आकडा सुमारे २ टक्के आहे. म्हणजे आपली साठवण मुळातच तोकडी. नाल्याचा तळ या थराच्याही खाली नेला, तर नाला जमिनीला पाणी देण्याऐवजी जमिनीचेच पाणी ओढून घेतो. मडक्याला बुडाशी भोक पाडावे तसे हे आहे. तळाशी पाषाण उघडा पडला की साठलेले पाणी जिरत नाही, उन्हात उडून जाते.

दुसरा धोका काठांचा. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात उभा काठ कापला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो ढासळतो, बांधालगतची शेती खाली येते आणि नाला पुन्हा गाळाने भरतो. तळ एकदम खाली नेला तर पाण्याची धूप वरच्या बाजूला सरकत जाते आणि न खोदलेला ओढाही खचू लागतो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात मातीतल्या सोडियममुळे ही भीती जास्त असते. तिथे एक सोपी चाचणी करता येते. मातीचा लहानसा खडा डिस्टिल्ड पाण्याच्या ग्लासात न ढवळता सोडा. भोवती गढूळ ढग पसरू लागला, तर ती माती पाण्याबरोबर सहज वाहून जाणारी आहे. ढग दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा.

यासाठी फार खर्च लागत नाही. नाल्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात एकेक चाचणी खड्डा घ्यावा. कोणता थर किती जाडीचा आहे, हे टेपने मोजून लिहावे. आसपासच्या विहिरींची पाणीपातळी आणि ओढ्याचा उतारही नोंदवावा. जे यंत्र महिनाभर चालणार आहे, त्याचे हे एका दिवसाचे काम आहे. तक्ता तपासायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा कार्यालये आहेत. त्यावरून खोली कुठे थांबवायची, काठाला किती उतार द्यायचा आणि कुठला भाग मुळीच खोदायचा नाही, हे ठरते.

दुष्काळात एवढे थांबायला वेळ कुठे, असा आक्षेप येईल. साचलेला गाळ काढण्यासाठी थांबूही नये, ते काम उपयोगीच आहे. पण मूळ जमीन कापणे वेगळे. गाळ पुन्हा साचतो, फोडलेला जलधर परत जोडता येत नाही. शिवाय देयक घनमीटरवर निघते तोवर जास्त खोदणाऱ्यालाच जास्त पैसे मिळणार आणि थांबणाऱ्याचे नुकसान होणार. म्हणून थरांचा तक्ता जोडल्याशिवाय खोलीकरणाला मंजुरी मिळू नये. सरकारी नियम होईल तेव्हा होईल. यंत्र ओढ्यात उतरण्याआधी तो तक्ता ग्रामसभेत मागण्याचा अधिकार मात्र गावकऱ्यांनी आजच वापरायला हवा.