टिनाच्या घरातील वादळी रात्र



आमच्या पांढरकवड्याकडे माघ संपता संपता आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि उभ्या गहू-हरभऱ्यावर गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील विदर्भ-मराठवाड्यातील गारपीट कोण विसरेल? पिकांचे पंचनामे होतात, निदान व्हायला हवेत. पण त्या रात्री टिनाखाली लेकरे घेऊन कुडकुडत बसलेल्या मायबहिणींची नोंद कोणी घेत नाही. म्हणून आज त्या रात्रीविषयीच लिहितो.

थंड मुलखात काही लोक शिडाच्या होडीतच बिऱ्हाड करून राहतात. हिवाळी वादळ आले की होडी धक्क्याला दुहेरी दोरांनी बांधतात, दोर घासतो तेथे चिंध्या गुंडाळतात आणि आत बसून वादळ काढतात. आपले टिनाचे घर त्या होडीहून फार वेगळे नाही. टिनांवर दगड ठेवण्याची रीत मात्र आम्हांला पसंत नाही. वाऱ्याने टीन उचलले की तोच दगड खाली निजलेल्यांवर येतो. टिने आडव्या लाकडाला तारेने आवळावीत, तेही आभाळ मोकळे असतानाच.

होडीत शेगडी पेटलेली असली तर जाणते लोक कितीही गारठा असो, हवेची वाट उघडी ठेवतात. आपल्याकडे नेमके उलटे होते. फटींत चिंध्यांचे बोळे, दाराला पोते आणि मधोमध कोळशाची शेगडी नाहीतर पऱ्हाटीच्या निखाऱ्यांचे घमेले. धूर दिसत नाही म्हणून घर निश्चिंत! पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. दिवसभर राबून आलेल्या माणसाला गुंगी आली तर त्यात कोणाला काय वावगे वाटणार? तेथेच घात होतो. राखेखाली झाकलेला विस्तवही हाच वायू सोडतो.

विनयपिटकात भिक्खूंसाठी जन्ताघर, म्हणजे ऊब घेण्याची खोली, सांगितली आहे आणि तिला धूर जाण्यासाठी नळी ठेवण्याची अनुज्ञाही आहे. त्याच पिटकात हिमपाताच्या रात्रीची हकीकत आहे. वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी तथागत एक चीवर घेऊन उघड्यावर बसले. पहिला प्रहर सरताच थंडी वाजली, तेव्हा दुसरे चीवर घेतले, पुढे तिसरे, पहाटे चौथे. मग भिक्खूंना तीन चीवरे ठरवून दिली, त्यांतील संघाटी दुहेरी. थंडी सोसण्याची बढाई नाही, स्वतः अनुभव घेऊन केलेला नियम आहे. आम्हांला ही हकीकत फार आवडते. एका जाड वाकळेपेक्षा दोन-तीन पातळ पांघरुणे बरी, कारण थरांमधली हवा ऊब धरून ठेवते.

तेव्हा भगिनींनो, शेगडी पेटलेली असेतो वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी चार बोटे उघडी ठेवा. निजण्यापूर्वी विस्तव बाहेर नेऊन पाण्याने विझवा. घरातील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर ती सर्दी समजू नका. पाऊस असला तरी सर्वांना दाराबाहेर मोकळ्या हवेत आणा, आणि कोणी हाकेला ओ देत नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा.