मुंज्याला नकार कळत नाही, प्रेक्षकाला कळतो

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ 7 जून 2024 ला पडद्यावर आला. बडा नट नाही. नायक म्हणजे पुण्यात आईच्या ब्युटी पार्लरमध्ये हाताखाली राबणारा बुजरा पोरगा. तरी एकाने दुसऱ्याला सांगत सांगत चित्रपटाने 100 कोटींचा टप्पा ओलांडला. बेळगावच्या उद्यमबागेत, फाउंड्री आणि लेथवरची पोरं शिफ्ट सुटल्यावर जिथे चहाला थांबतात तिथे हा विषय काढून बघा. शहाणी माणसं तीन आक्षेप हमखास पुढे करतील: हा अंधश्रद्धेचा प्रचार आहे, हा पोरखेळ आहे, आणि कोकणातलं आपलं भूत हिंदीला विकलं आहे. तिन्ही तपासून घेऊ.

पहिला आक्षेप वजनदार, कारण तो बेळगावात घेतला जातो. इथलेच राजकीय नेते सतीश जारकीहोळी अंधश्रद्धेला उत्तर म्हणून 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, सदाशिवनगरच्या स्मशानात रात्र काढत आले आहेत. अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्राने 2013 मध्ये कायदा केला, कर्नाटकाने 2017 मध्ये. पण हे कायदे आहेत नरबळी देणाऱ्यावर आणि भुताच्या नावाने माणसाला छळणाऱ्यावर. गोष्ट सांगणाऱ्यावर नव्हेत. आणि चित्रपटात अघोरी विधी करतो कोण? गोट्या, म्हणजे पुढे मुंज्या होणारा मुलगा. धाकट्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि स्वतःच मरतो. याला जादूटोण्याची जाहिरात म्हणायचं, तर रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या चेटकिणीवरही खटला भरावा लागेल. तिला पाहून टाळ्या पिटणारी पोरं घरी जाऊन कुणाच्या आजीला चेटकीण ठरवत नाहीत. खोटं भूत आणि खरा भोंदू यांतला फरक लहान मुलालाही कळतो. तो न कळण्याची सवय मोठ्यांना आहे.

दुसरा आक्षेप: धड भीती नाही, धड विनोद नाही. हा मोजमापाचाच घोटाळा आहे. वयात येणाऱ्या पोराची भीती आणि फजिती वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. 1952 सालचा गोट्या आपल्याहून सात वर्षांनी मोठ्या मुन्नीवर जीव टाकतो, तिचं लग्न दुसऱ्याशी ठरतं, आणि याची मुंज लावून डोकं भादरलं जातं. यात हसण्यासारखं आहे आणि पोटात गोळा येण्यासारखंही. परदेशातही असंच झालं: 2008 मध्ये ‘ट्वायलाइट’ आला, समीक्षकांनी नाकं मुरडली आणि मुलींनी थिएटरं भरली. तरुणांना काहीतरी आवडलं की आधी त्यांच्या अकलेवर शंका घ्यायची, ही खोड सगळीकडचीच.

तिसरा आक्षेप भाषेचा. मराठी टिकवण्याची किंमत काय असते, ते सीमाभागाला कुणी शिकवू नये. म्हणूनच विचारतो: हाच दिग्दर्शक 2022 मध्ये ‘झोंबिवली’ मराठीतच घेऊन आला होता, तो आपल्यापैकी किती जणांनी तिकीट काढून पाहिला? नारायण धारपांनी आयुष्यभर मराठीत भयकथा लिहिल्या. त्यांच्या कथेतून सुचलेला ‘तुंबाड’ही 2018 मध्ये हिंदीतच आला. दोष हिंदीत करणाऱ्याचा कमी. भयकथेला रेल्वे स्टॉलवरचं वाचन समजून बाजूला सारणाऱ्या आपल्या अभिरुचीचा जास्त.

आता माझी बाजू. आपली भुतं उगाच जन्माला आलेली नाहीत. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. ज्यांचं आयुष्य अर्ध्यात तुटलं आणि ज्यांचं ऐकून घेतलं गेलं नाही, त्यांची नोंद समाजाने भुतांच्या वहीत केली. ‘मुंज्या’ने ही जुनी नोंद आजच्या प्रश्नाला जोडली. हे भूत सूड मागत नाही, लग्न मागतं. समोरच्या मुलीला काय हवंय हा प्रश्न त्याला पडतच नाही. मुन्नी म्हातारी झाली, तर तिची नात बेला चालेल! नकार ऐकायची तयारी नसलेल्या प्रेमाचं इतकं नेमकं आणि इतकं हास्यास्पद चित्र आपल्या पडद्यावर क्वचितच दिसलं. नायकाने नायिकेच्या मागे लागणं यालाच प्रेम म्हणत आलेल्या सिनेमात, मागे लागणाऱ्याला सरळ भूत ठरवलं गेलं. नायक बिट्टूही बेलावर प्रेम करतो. पण त्याच्या मानगुटीवर बसलेल्या मुंज्यात आणि त्याच्यात जे अंतर आहे, तेच या चित्रपटाचं सांगणं आहे.

उणीव आहे, आणि ती आक्षेपकांनी पाहिलीच नाही. जिच्यावरून एवढं रामायण घडतं, त्या बेलाच्या स्वतःच्या इच्छेला कथेत जागा थोडी. शेवटाकडे धावपळ आणि संगणकी करामत वाढते, तसतशी ती मागे पडते. ज्या चित्रपटाचा विषय मुलीचा नकार, त्याने तो नकार तिच्या तोंडून अधिक ठणकावून ऐकवायला हवा होता. टीका करायची तर इथे करा.

तेव्हा उद्यमबागेतल्या पोरांना ‘असले सिनेमे बघू नका’ सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी पैसे मोजून चांगली गोष्ट निवडली. आता पाळी मराठी निर्मात्यांची: हडळ, जखीण, लावसट अजून वाट पाहत आहेत, आणि त्या तिघींकडे सांगण्यासारखं मुंज्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. ते मराठीत सांगा, तिकीट आम्ही काढू.