शेवटच्या घासावरचा आळ

जेवून हात धुवायच्या आत पोटात कळ उठली, मुरडा येऊन जुलाब सुरू झाले, की घरात निकाल तयार असतो: आत्ता खाल्लं ते बाधलं. कधी वांग्यावर आळ येतो, कधी हरभऱ्याच्या डाळीवर, कधी बाजारातल्या भेळेवर. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत आषाढ लागला, भातलावणीची घाई सुरू झाली, की हे नेहमीचंच. माझं म्हणणं असं, की हा निकाल बहुतेक वेळा चुकतो, आणि तो चुकतो म्हणून खरा दोषी मोकळा राहतो.

आधी पोटाचा हिशोब पाहू. जठरात अन्न पडलं की मोठं आतडं हालचाल करून आधीचा मळ पुढे ढकलतं. ही निरोगी माणसाचीही रोजची क्रिया आहे, तिचा त्याला पत्ताही लागत नाही. आतड्याला आधीच सूज असेल तर मात्र हीच हालचाल कळ बनते. म्हणून ‘जेवलं की लगेच पोट दुखतं’ हे निरीक्षण खरं, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा. अन्नाला तोंडापासून बाहेर पडेपर्यंत एरवी एक ते तीन दिवस लागतात, आणि जंतूंनाही आपला वेळ लागतो. नोरोव्हायरसला 12 ते 48 तास, कॅम्पायलोबॅक्टरला बहुधा 2 ते 5 दिवस, जिआर्डियाला तर आठवडा-दोन आठवडे. सोमवारी प्यायलेल्या पाण्याचा मुरडा गुरुवारच्या पिठल्याच्या माथी मारला जातो तो असा.

यावर कुणी म्हणेल, मग एका पंगतीला बसलेली सगळी माणसं एकदम आजारी पडतात ती कशी? हा आक्षेप रास्त आहे, आणि तो मला मान्यही आहे. काही जंतू अन्नातच विष करून ठेवतात. हे विष खाल्ल्यावर 1 ते 6 तासांत उलट्या होतात. या भाताच्या मुलखात त्यातला एक जंतू विशेष ओळखीचा हवा: बॅसिलस सिरियस. तांदूळ शिजला तरी त्याचे बीजाणू जगतात, भात रात्रभर उबेला राहिला की वाढतात, आणि सकाळी खमंग फोडणी दिली तरी उलट्या घडवणारं त्यांचं विष मरत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात सोमठाण्याला सप्ताहातला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. झाडांना दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. तिथे संशय जेवणावरच जायला हवा, कारण अनेकांना एकाच वेळी आणि थोड्या तासांत त्रास झाला. पण घरात एकालाच जुलाब, दुसऱ्याला दोन दिवसांनी, शेजारच्या वाडीत आणखी चौघांना, असं घडतं तेव्हा पंगतीचा दाखला लागू होत नाही. तेव्हा पाणवठ्याकडे पाहायला हवं.

इथे दुसरा पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो अभिमानाचा आहे: डोंगरातलं झऱ्याचं पाणी, त्याला काय होतंय! सह्याद्रीचा काळा पाषाण मात्र वाळूसारखा गाळत नाही. पाऊस त्याच्या भेगांतून सरळ खाली उतरतो, आणि वरच्या अंगाला पडलेलं शेण, उघड्यावरची घाण सोबत घेऊन झऱ्यात किंवा विहिरीत येतो. पाणी थंड, गोड, काचेसारखं दिसतं, पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ‘पिढ्यान्‌पिढ्या हेच पितोय’ हे सांगणारे अर्थात जगलेलेच असतात. त्याच पिढ्यांत जुलाबाने गेलेली पोरं साक्ष द्यायला उरलेली नाहीत. शिवाय सवयीने येणारी प्रतिकारशक्ती अपुरी असते, आणि तान्ह्या मुलाला ती नसतेच.

वेल्ह्याहून पुण्याकडे उतरताना वाटेवर जी गावं लागतात, तिथेच जानेवारी 2025 मध्ये गुइलेन-बॅरे सिंड्रोमची (नसांवर घाला घालणाऱ्या आजाराची) साथ उसळली: नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. हातापायांतली शक्ती जाण्याआधी अनेकांना जुलाब होऊन गेले होते. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले. लोकांनी कोंबडीवर आळ घेतला. कच्च्या कोंबडीतून कॅम्पायलोबॅक्टर येतो हे खरं, पण ठरावीक वस्त्यांतच रुग्णांची गर्दी झाली, तेव्हा संशय पाण्यावर जाणं अटळ होतं.

चुकीच्या निदानातून चुकीचा उपचारही निघतो. ‘पोटाला आराम’ म्हणून पाणीच बंद करतात, बेंबी सरकली म्हणून पोट चोळतात. जुलाबात माणूस दगावतो तो बहुधा पाणी आणि क्षार गेल्याने. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजलं, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आलं. तेच ओआरएस आज आशाताईंकडे मिळतं. एक पुडी एक लिटर पाण्यात, घोटघोट. लहान मुलाला सोबत झिंक. शौचात रक्त पडलं, लघवी थांबली, डोळे खोल गेले किंवा मूल पिईनासं झालं, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि दूध प्यायल्यावरच दर वेळी पोट बिघडतं, किंवा त्रास आठवडे चालतो, त्याची चौकशी निराळी. ती डॉक्टरांकडेच करावी.

वाचकांना सांगणं एवढंच: पुढच्या वेळी कळ आली की ताटाकडे बोट दाखवण्याआधी मागचे चार दिवस आठवा, कुठलं पाणी प्यायलात ते. वाडीत आणखी कुणाला त्रास आहे का ते पाहून आशाताईंना कळवा. मग ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) शेवटची कधी टाकली, टाकल्यावर अर्धा तास थांबला होतात का, पोतं ओलीत उघडं पडून तिचा जोर गेला नव्हता ना, आणि पाण्यातलं क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी चाचणीत घरच्या नळाचं पाणी पिवळं झालं का. झालं नसेल तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.