जहाज किनाऱ्याला, खलाशी डेकवरच!

पेणहून अलिबागला जाताना धरमतरच्या पुलावरून खाली पाहा. लोहखनिज आणि कोळसा भरलेले बार्ज डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे सरकताना दिसतील. मोठी जहाजे या उथळ खाडीत शिरू शकत नाहीत. ती समुद्रातच नांगर टाकतात आणि माल बार्जवर उतरवतात. रोह्याहून येणाऱ्या कुंडलिकेच्या मुखाशी, साळावलाही बार्जच लागतात. माल किनारा गाठतो. माल आणणारा खलाशी गाठतो का?

कायदा म्हणतो, गाठला पाहिजे. २००६ च्या सागरी श्रम कराराने खलाशाला आरोग्यासाठी किनारा-रजा दिली, कामाची निकड सांभाळून. भारताने तो करार २०१५ साली स्वीकारला. जहाज वाहतूक सुलभीकरणाच्या आंतरराष्ट्रीय करारातील २०१८ पासूनची तरतूद तर आपण मुद्दाम वाचावी अशी आहे. किनाऱ्यावर उतरू देताना राष्ट्रीयत्व, वंश, रंग, लिंग, धर्म, राजकीय मत आणि ‘सामाजिक मूळ’ यांवरून भेदभाव करता येणार नाही. सामाजिक मूळ म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना कोणी समजावून सांगायला नको.

मग अडते कुठे? पहिली अडचण व्याख्येतच आहे. केवळ अंतर्गत किंवा आडोशाच्या पाण्यात चालणारी जलयाने या श्रम करारातून वगळली आहेत. म्हणजे खाडीपुरत्या फिरणाऱ्या बार्जवरचा कामगार, जो किनाऱ्याच्या सर्वांत जवळ आहे, तोच या हक्काबाहेर! दुसरी अडचण फाटकाची. २००४ साली बंदर सुरक्षा संहिता लागू झाली आणि बंदरांवर पहारे वाढले. जेट्टी खासगी असेल तर रस्त्यापर्यंतची वाट कंपनीच्या आवारातून जाते. नांगरावरच्या जहाजातून उतरायचे तर लाँच हवी, तिचे भाडे कोण देणार? अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१९ साली नियम करून बंदरचालकांना सांगितले की, खलाशाला फाटकापर्यंत वेळेवर आणि विनाखर्च जाऊ द्या. आपल्याकडे हे सांगायला कोणाची हरकत आहे?

याच जिल्ह्यात महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे ठरावाने खुले केले होते. तरी पाण्यापर्यंत जायला १९२७ चा २० मार्च उजाडावा लागला. कागदावरचा हक्क आणि पायाखालची वाट यांतले अंतर रायगडला नवे नाही.

महाराष्ट्र सागरी मंडळाने खासगी जेट्टीच्या परवानगीतच दोन अटी घालाव्यात : खलाशांसाठी मोफत वाट आणि जहाजापर्यंत ने-आण करणारी लाँच. बार्ज कामगारालाही त्या लागू कराव्यात. त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.