तवक्कुल आणि दुसरी गाडी

काजव्यांच्या दिवसांत आपली पोरं रात्री एकाच गाडीने भंडारदरा, घाटघरकडे निघतात. विचारलं तर म्हणतात, ‘अल्लाह मालिक आहे.’ आहेच! पण इ.स. 622 ची हिजरत आठवा. मक्केहून वाळवंटातून मदिनेला जाताना प्रेषितांनी (स.) अबू बक्र यांना सोबत घेतलं, उंटिणी आधीच तयार ठेवल्या, वाट जाणणारा अब्दुल्लाह बिन उरैकित ठरवला. तो मुसलमान नव्हता. सौरच्या गुहेत तीन रात्री काढल्या, तेव्हा अबू बक्र यांचा मुलगा शहराची खबर पोचवत होता.

तवक्कुल म्हणजे तयारी टाळणं नव्हे. रेंजच गेली तर 112 लागणार कसा? दुसरी गाडी आणि गावचा वाटाड्या घ्या. परतायची वेळ घरी सांगा. उशीर झाला तर शोधायला कोण निघणार, हेही ठरवा.