ताण कामगाराच्या डोक्यात नाही, पाळीत आहे

यवतमाळ हा पांढऱ्या सोन्याचा जिल्हा. इथे कापूस पिकवणारा कर्जात आणि त्याच कापसाचे सूत, कापड करणारा कामगार तणावात. व्यवस्थापन म्हणते, तणावामुळे उत्पादन घटते, म्हणून योगा करा! हे शुद्ध ढोंग आहे.

सलग रात्रपाळ्या, यंत्रांचा कानठळ्या बसवणारा आवाज, छातीत जाणारी कापसाची धूळ, वर कंत्राटी नोकरीची टांगती तलवार. थकलेल्या हाताला तुटलेला धागा वेळेत जोडता येत नाही. मग सूत वाया जाते, कापडात दोष राहतो, गैरहजेरी वाढते, अनुभवी माणूस सोडून जातो. म्हणजे कंपनीचे नुकसान कामगार करत नाही, तिची राबवून घेण्याची पद्धत करते.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कायदा झाला आणि कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. घड्याळाचे काटे उलटे कुणी फिरवले, मित्रांनो?

मालकाच्या नफ्याचा हवाला देऊन दया मागू नका. आठ तास, कायम नोकरी आणि युनियन हा आपला हक्क आहे. तो संघटित होऊनच घ्यावा लागेल.

जय भीम!