सरासरीचे अडीच दिवस

आमच्या गांवच्या वाचनालयाची वार्षिक व्याख्यानमाला ही सुशिक्षित मंडळींच्या आत्मसंतोषाची एक जुनी संस्था आहे. यंदा तिचें समारोपाचें व्याख्यान ‘राष्ट्राचें आरोग्य’ या विषयावर झालें. वक्ते आरोग्यखात्यांतून निवृत्त झालेले, बहुश्रुत व गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांनीं श्रोत्यांपुढें मुख्यतः दोन आंकडे ठेवले. भारतीयांचें सरासरी आयुर्मान सत्तरीस येऊन पोंचलें, हा पहिला. आणि गर्भपातासारख्या नाजूक बाबींतहि कायद्याचा अंमल इतका चोख आहे कीं सबंध देशांत वर्षाला जेमतेम सात लक्ष गर्भपात होतात, हा दुसरा. पहिल्या आंकड्यास टाळ्या पडल्या. दुसऱ्याच्या वेळीं सभागृहानें सभ्यपणें मान खालीं घातली. आम्हीहि घातली, परंतु घरीं आल्यावर तें मान घालणें आम्हांस बोचूं लागलें. व्याख्यान संपल्यावर एका वृद्ध श्रोत्यानें जो आक्षेप घेतला, तो तर व्याख्यानाहूनहि चमत्कारिक होता. त्याकडे आम्ही पुढें वळूं.

आम्ही आकडेशास्त्राचे पंडित नव्हे. तीस वर्षें कॉलेजांत तर्कशास्त्र शिकवीत आलों, एवढीच आमची शिदोरी. परंतु आंकडा खरा असणें आणि त्यावरून काढलेलें अनुमान खरें असणें या दोन निराळ्या गोष्टी होत, हें समजावयास तर्कशास्त्राचें पहिलें वर्ष पुरेसें आहे.

सत्तरीचा आंकडा खोटा नाहीं. नमुना नोंदणी पद्धतीवरून महानिबंधकांच्या कचेरीनें तयार केलेल्या २०१६-२० च्या कोष्टकांत भारतीयांचें जन्मकालीन अपेक्षित आयुर्मान ७०.० वर्षें दिलें आहे; पुरुषांचें ६८.६, स्त्रियांचें ७१.४. हेंच आयुर्मान १९७०-७५ मध्यें ४९.७ होतें, आणि १९११ ते १९२१ या दशकांत, ज्यांत इन्फ्लुएंझाची भयंकर सांथ येऊन गेली, तें विशीच्या आसपास होतें. यांत अभिमान धरण्याजोगें पुष्कळ आहे व तो आम्हीहि धरतों. पण त्या दशकांतील आमचे पूर्वज विसाव्या वर्षीं मरत होते असें जो समजेल, त्याच्या घरांतील पणजोबांची तसबीर त्याला खोटें पाडील. दोन मुलें जन्मलीं, एक पाळण्यांतच गेलें आणि दुसरें ऐशीं वर्षें जगलें, तर सरासरी चाळीस. आणि चाळिसाव्या वर्षीं मेलेला तर कोणीच नाहीं! १९७१ सालीं जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १२९ वर्षाच्या आंत दगावत. २०२० सालीं २८. सरासरीची जी चढण आपण पाहतों, तिचा फार मोठा भाग पाळण्यांत वांचलेल्या या मुलांनीं चढविलेला आहे. वक्त्यांनीं हें सांगितलें असतें तर टाळ्या कमी पडल्या नसत्या. फक्त त्या योग्य ठिकाणीं पडल्या असत्या.

आतां मुद्द्याची गोष्ट. ही सरासरी तरुण स्त्रीच्या मरणाला किती किंमत देते, याचा वाचकांनीं आमच्याबरोबर एकवार हिशेब करावा. पाटीपेन्सिलीपलीकडे त्याला कांहीं लागत नाहीं. २०१८-२० च्या सरकारी आंकड्यांप्रमाणें दर लक्ष जिवंत जन्मांमागें ९७ माता मरण पावत. एका स्त्रीचीं साधारण दोन बाळंतपणें धरलीं, तर लक्ष स्त्रियांपैकीं सुमारें १९४ जणी आपल्या आयुष्यांत या कारणानें जातील. प्रत्येकीचीं जगावयाचीं राहिलेलीं वर्षें पंचेचाळीस धरा. गुणाकार ८,७३० वर्षें होतो. तीं लक्ष स्त्रियांत वांटलीं म्हणजे दरडोई बत्तीस दिवस आले. देशांतील एकूण एक मातामृत्यु उद्यां थांबला, तरी स्त्रियांचें सरासरी आयुर्मान वाढणार तें एका महिन्यानें! आणि २००१-०३ च्या सरकारी खास पाहणींत मातामृत्यूंपैकीं शेंकडा ८ गर्भपाताच्या पायीं झाल्याचें आढळलें होतें. तें प्रमाण आज धरलें, तर त्या साऱ्या स्त्रियांचा या सरासरीवरील भार अडीच दिवसांचा.

अडीच दिवस! दशांशचिन्हापुढील एकच स्थळ छापणाऱ्या कोष्टकांत अडीच दिवस उमटतच नाहींत. तेव्हां आयुर्मान सत्तरीस गेलें म्हणून गर्भपाताच्या बाबतींत सारें कुशल आहे, हें अनुमान म्हणजे गांवच्या धान्यतराजूनें गुंजभर सोनें जोखण्यासारखें आहे. तराजू हलला नाहीं, यावरून पारड्यांत कांहीं नव्हतें असें ठरत नाहीं.

दुसऱ्या आंकड्याची कथा निराळी. पहिला आंकडा खरा असून त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. दुसरा आंकडा मुळांत गर्भपातांचा नव्हेच, तो रजिस्टरांचा आहे. १९७१ च्या कायद्यान्वयें मान्यता मिळालेल्या रुग्णालयानें गुप्त रजिस्टर ठेवावें व महिन्याच्या महिन्याला एकूण संख्या जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावी, असा नियम आहे. या कळविलेल्या संख्यांची बेरीज म्हणजे सात लक्ष. २०१४-१५ सालीं ती सुमारें तेवढीच होती. जी स्त्री त्या दारांतून आंत गेली नाहीं, जी गेली पण जिचें नांव डॉक्टरनें लिहिलें नाहीं, आणि जिचें लिहिलें पण ज्याचा कागद जिल्ह्याला गेला नाहीं, त्या तिघीहि या बेरजेच्या बाहेर.

हा आमचा नुसता तर्क नव्हे. हा कायदा ज्या समितीच्या शिफारशीवरून झाला, तिचे अध्यक्ष आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. १९६४ त नेमलेल्या या समितीनें १९६६ च्या अखेरीस अहवाल दिला व त्यांत पन्नास कोटी लोकसंख्येमागें वर्षाला ३९ लक्ष गर्भपात करविले जात असावेत असा अंदाज केला. त्यानंतर लोकसंख्या अडीचपटीहून वाढली, कायदा आला, औषधें आलीं, आणि सरकारी बेरीज सात लक्षांवर! म्हणजे एक तर शहा समिती स्वप्नांत होती किंवा आमचे वक्ते. २०१८ सालीं ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकांत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेचे संशोधक सहभागी होते. रुग्णालयांची पाहणी आणि औषधविक्रीचे आंकडे यांवरून त्यांनीं २०१५ सालचा अंदाज काढला, तो १ कोटी ५६ लक्षांचा. त्यांपैकीं रुग्णालयांत झालेले शेंकडा २२. रुग्णालयाबाहेर गोळ्या घेऊन झालेले शेंकडा ७३. आणि उरलेले शेंकडा ५, सुमारें आठ लक्ष, अन्य मार्गांनीं. हे ‘अन्य मार्ग’ काय असतात तें आम्ही येथें लिहीत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्या स्त्रियांनीं आजीच्या तोंडून जुन्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना तें ठाऊक आहे. एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं सरकारी बेरजेहून हा शेवटचा, सर्वांत भयंकर तुकडाच मोठा आहे.

आतां त्या वृद्ध श्रोत्यांकडे. त्यांनीं हा दीड कोटींचा आंकडा वाचलेला होता. ते म्हणाले, हे दीड कोटी जीव शून्य वर्षें जगले असें धरून सरासरींत मिळवा, म्हणजे तुमच्या सत्तरीची त्रेचाळिशी होईल! गणित बरोबर आहे. वर्षाचे अडीच कोटी जन्म धरले तर उत्तर त्रेचाळीसच येतें. परंतु आयुर्मानाचें कोष्टक जिवंत जन्मापासून सुरू होतें. तें गर्भापासून सुरू करावयाचें असेल, तर जे गर्भ आपोआप गळतात तेहि मोजले पाहिजेत. शहा समितीनें ते २६ लक्ष धरले होते. मग निसर्गालाहि आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावें लागेल, आणि जगांतील प्रत्येक देशाचें आयुर्मान खालीं आणावें लागेल. त्या गृहस्थांची धर्मबुद्धि आम्हांस मान्य आहे. गर्भाविषयीं ज्यांच्या मनांत करुणा आहे, त्यांचा उपहास आम्ही करणार नाहीं. परंतु त्यांच्या सबंध भाषणांत स्त्री हा शब्द एकदांहि आला नाहीं, ही गोष्ट आम्हीं टिपून घेतली. एकाच्या बेरजेंत ती सांपडत नव्हती, दुसऱ्याच्या बेरजेंत तिला जागा नव्हती. आणि सभा दोघांवरहि खूष होती.

येथें कोणी म्हणेल कीं हीं दारें उघडीं टाकलीं तर मुलींचे गर्भ मारले जातील. या आक्षेपांत सत्य आहे, आणि तें सत्य दुसऱ्या कोणाविषयीं नसून आमच्या-तुमच्या वर्गाविषयीं आहे. महाराष्ट्रांत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें मुली १९९१ त ९४६ होत्या, २००१ त ९१३ झाल्या, २०११ त ८९४. बीड जिल्ह्यांत २०११ च्या शिरगणतींत त्या ८०७ होत्या. आणि हें कोणत्या राज्यांत? गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध १९८८ सालीं देशांत पहिला कायदा ज्यानें केला त्या! सोनोग्राफीच्या यंत्राची फी मोजावयास पैसा लागतो. तो मोलकरणीपाशीं नव्हता, आमच्यापाशीं होता. पण हेंहि पाहावें कीं हा गुन्हा गर्भपाताच्या रजिस्टरानें पकडला नाहीं. तो शिरगणतीनें पकडला. आणि त्याचा दंड कोणास भरावा लागला? गोळ्यांनीं होणारा गर्भपात पहिल्या नऊ आठवड्यांतला; सोनोग्राफीनें मुलगा कीं मुलगी हें समजतें तें त्यानंतर कित्येक आठवड्यांनीं. म्हणजे त्या गोळीचा आणि त्या पापाचा संबंध काळाच्या हिशेबानेंच जुळत नाहीं. असें असतां ‘भानगड नको’ म्हणून गोळ्या ठेवणेंच सोडून दिलेले औषधविक्रेते आमच्या माहितींत आहेत. गुन्हा केला दिवाणखान्यानें, आणि दार बंद झालें तें झोंपडीला.

हें दार बंद झालें म्हणजे काय होतें, तें आम्ही आमच्या घरांतलेंच सांगतों. सांगतांना संकोच वाटतो.

दहाबारा वर्षांपूर्वीं आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई येत असे. वय तीस-बत्तीस, तीन लेंकरें. एके दिवशीं आमच्या कुटुंबास ती म्हणाली, “वहिनी, दोन दिवस गांवीं जाऊन येतें.” ती परत आली नाहीं. पंधरवड्यानें तिचा दीर राहिलेला पगार मागावयास आला. ताप आला होता, म्हणाला. आम्हीं पगार दिला, वर शंभराच्या दोन नोटा दिल्या, आणि पुढें कांहीं विचारलें नाहीं. पुढें तिच्या जागीं तिची बहीण कामाला लागली. तिनें सहा महिन्यांनीं आमच्या कुटुंबाजवळ खरें काय तें सांगितलें. तिला दिवस गेले होते. ती शहरांतल्या एका दवाखान्यांत गेली. तेथें नवऱ्याची सही आण म्हणून सांगितलें. नवरा ऊसतोडीला गेलेला. कायद्याप्रमाणें सज्ञान स्त्रीला स्वतःच्या संमतीवांचून दुसऱ्या कोणाच्याहि सहीची गरज नाहीं. १९७१ च्या कायद्यांत तें स्वच्छ लिहिलें आहे. तिला तें ठाऊक नव्हतें; दवाखान्याला ठाऊक असावयास हवें होतें; आणि ज्यांना तें वाचून ठाऊक होतें, त्यांच्या घरचीं भांडीं ती घांशीत होती. ती गांवीं कोणा सुइणीकडे गेली व पांचव्या दिवशीं वारली. मृत्यूच्या नोंदींत कारण ‘ताप’ असें लिहिलें गेलें.

२०२० सालीं देशांत नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकीं शेंकडा २२.५ मृत्यूंचेंच कारण डॉक्टरनें प्रमाणित केलेलें होतें. उरलेल्या रकान्यांत किती ताप असे आहेत, तें कोणी सांगावें? गर्भपाताचा मृत्यु शेंकडा ८ म्हणून आम्हीं वर जो हिशेब केला, तोसुद्धां ज्या मरणांनीं आपलें कारण कबूल केलें त्यांचाच आहे.

कायदा २०२१ सालीं सुधारला. २०२२ त सर्वोच्च न्यायालयानें अविवाहित स्त्रियांनाहि विवाहितांच्या बरोबरीचा अधिकार दिला. हें सर्व स्वागतार्ह आहे. पण गर्भपात करविणें हा मूळचा १८६० चा गुन्हा तसाच राहिला आहे. पूर्वीं तो दंडसंहितेच्या कलम ३१२ त होता, २०२४ च्या जुलैपासून भारतीय न्यायसंहितेच्या कलम ८८ त आहे. १९७१ चा कायदा हा त्याला अपवाद मात्र. अपवादाच्या आश्रयानें जगणारा डॉक्टर घाबरून सही मागतो, आणि ज्या स्त्रीच्या मागें कोणी सही करणारें नाहीं ती रजिस्टराबाहेर जाते. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, तेव्हां त्यांनीं प्रथम एकच गोष्ट केली: येथें गुप्तपणें यावें, असें जाहीर लिहून लावलें. दार आधीं, नोंद मागाहून. सरकारी बेरीज वाढावी असें ज्यांस खरोखर वाटतें, त्यांनीं प्रत्येक प्राथमिक आरोग्यकेंद्रांत तसा एक फलक लावून पाहावा, आणि त्यावर ‘नवऱ्याची सही लागत नाहीं’ हीं चार अक्षरें ठळक लिहावीं. आणि जोंपर्यंत बेरीज रजिस्टरांची आहे, तोंपर्यंत ती ‘नोंदलेले गर्भपात’ या नांवानें, अंदाजाचा आंकडा शेजारीं देऊनच छापावी.

वाचनालयाच्या वार्षिक अहवालांत या व्याख्यानाचा गोषवारा छापावयाचा होता. त्यांतील सात लक्षांच्या आंकड्यापुढें ‘नोंदलेले’ एवढा एक शब्द घालावा, अशी चिठ्ठी आम्हीं चिटणिसांस पाठविली. त्यांचें उत्तर सौजन्यपूर्ण आहे. विषय नाजूक असल्यामुळें व अहवाल घरोघरीं जात असल्यामुळें, तो मजकूर समितीनें सबंधच गाळला आहे. सत्तरीचा आंकडा मात्र मुखपृष्ठावर येणार आहे.